लो-कार्ब आटा: पाकिटातला घ्यावा की चक्कीवर दळावा?

विदर्भात तालुक्याच्या किराणा दुकानांत आणि मेडिकलच्या काउंटरवर ‘लो-कार्ब’, ‘शुगर कंट्रोल’, ‘डायबेटिक’, ‘कीटो’ (कार्ब्ज जवळपास बंद करणारा आहार) असं छापलेली पिठाची पाकिटं आता सर्रास दिसतात. घेणारे बहुतेक दोन प्रकारचे: ज्यांची शुगर नुकतीच निघाली आहे ते, आणि ज्यांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आहे ते. किंमत पाहून हात आखडतो, पण तब्येतीपुढे पैसा काय, असं म्हणून पाकीट घरी येतं. निकाल आधीच सांगितलेला बरा. या पाकिटांपैकी बरीच लो-कार्ब, म्हणजे कमी कार्बोहायड्रेटची (कार्ब्जची), नसतातच. जी खरोखर असतात ती कामाची आहेत, पण मोजक्याच माणसांसाठी. बाकीच्यांना घरच्या डाळी, घरचं सोयाबीन आणि जवस वापरून चक्कीवर यापेक्षा बरं पीठ निघतं, आणि तेही पाचपट-सहापट स्वस्त.

पाकीट हातात घेतलं की पुढची बाजू सोडा, मागची वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, म्हणजे पहिलं नाव ज्याचं, त्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त. ‘मल्टिग्रेन’ आणि ‘डायबेटिक’ म्हणवणाऱ्या बहुतेक पिठांत पहिलं नाव गव्हाचं असतं. त्यामागे जव, ओट, हरभरा, सोया, मेथीदाणा यांची रांग लागते, पण सगळे मिळून भरतात थोडेच. मग पोषणाचा तक्ता बघा. ‘कार्बोहायड्रेट’ची ओळ 100 ग्रॅमला 60 ते 70 दाखवत असेल तर ती कणीकच आहे, नाव काहीही असो. खाली ‘साखर 2 ग्रॅम’ असं असतं आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. साध्या गव्हाच्या कणकेतही साखर एवढीच असते. रक्तातली साखर वाढते ती पिठातल्या स्टार्चने, आणि स्टार्च कार्बोहायड्रेटच्या आकड्यात असतो, साखरेच्या नाही. दुसरी फसगत ‘पर सर्व्हिंग’ची. 25-30 ग्रॅमची सर्व्हिंग धरली की कोणताही आकडा लहान दिसतो. म्हणून तुलना नेहमी 100 ग्रॅमच्या रकान्यातच करा.

तुलनेसाठी हाताशी ठेवावेत असे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यात आहेत. तंतू वजा करून 100 ग्रॅमला कार्ब्ज: तांदूळ 78, ज्वारी 68, गव्हाची कणीक 64, हरभरा डाळ 47, फल्लीदाणे (शेंगदाणे) 17, जवस 11. ज्वारी आणि गहू यांतलं अंतर बघा. ‘पोळी बंद करून भाकर सुरू केली’ एवढ्याने कार्ब्ज कमी होत नाहीत. उलट आपल्याकडची भाकर जाड, एकीला 70-75 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 50 ग्रॅम कार्ब्ज. पातळ पोळी 30-35 ग्रॅम कणकेची, म्हणजे 20-22. भाकरीत तंतू आहेत, पोट लवकर भरतं, ती चांगलीच आहे. पण वजन उतरवायचं तर दोनची एक करावी लागते. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. भारतीयांच्या जेवणातली 62 टक्के ऊर्जा कार्ब्जमधून येते, आणि एकूण कार्ब्ज तेवढेच ठेवून नुसतं धान्य बदललं तर मधुमेहाचा धोका उतरत नाही.

आता खऱ्या लो-कार्ब पाकिटांकडे. त्यांची ओळख अशी की घटकांत गहू-तांदळाचं पीठ नसतंच; असतं ते गव्हाचं ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन), सोया प्रोटीन, बदामाचं किंवा खोबऱ्याचं पीठ, जवस, तीळ आणि इसबगोल. तंतू वजा केले की कार्ब्ज 100 ग्रॅमला 10 ते 25 राहतात. किंमत साधारण किलोला 400 ते 700 रुपये. या पिठाची पोळी नेहमीच्या हाताने केली तर हमखास बिघडते आणि पाकीट कपाटात जाऊन पडतं, म्हणून कृती नीट सांगायला हवी.

100 ग्रॅम पिठाला पाव चमचा मीठ. पाणी कडकडीत गरम, आणि नेहमीपेक्षा जास्त: गव्हाला 60-65 मिलिलिटर पुरतं तिथे याला 90 ते 110 लागतं, कारण इसबगोल पाणी ओढून घेतो. एकदम ओतू नका. आधी तीन हिस्से घालून चमच्याने कालवा आणि पाच मिनिटं थांबा. पीठ सुरुवातीला चिखलासारखं सैल वाटतं, तिथेच घाबरून लोक कोरडं पीठ घालतात आणि पुढे पोळी कडक होते. पाच मिनिटांत गोळा आपोआप आवळतो. मग उरलेलं पाणी लागेल तसं, वर अर्धा चमचा तेल, आणि झाकून 15 मिनिटं ठेवा. लाटताना पोळपाटाला चिकटतं, म्हणून दुधाची पिशवी कापून धुतलेल्या दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटायचं. तवा मध्यम आचेवर ठेवा. सोया लवकर तांबूस होतो, मोठ्या आचेवर बाहेरून डाग पडतात आणि आत कच्चं राहतं. फुगण्याची वाट पाहू नका. ग्लुटेनवाली थोडी फुगते, बदाम-खोबऱ्याची अजिबात नाही. सराट्याने (उलथन्याने) कडा दाबून दोन्ही बाजू शेकल्या की झालं.

चवीबद्दल खरं सांगायचं तर गरम असेपर्यंत वांग्याच्या भाजीबरोबर किंवा रश्श्यात बुडवून ती चांगली लागते. गार झाली की ग्लुटेनची पोळी चामट होते आणि बदाम-खोबऱ्याची तुटते. सकाळी डबा भरून शेतावर जाणाऱ्याच्या हे कामाचं नाही. दुपारी बांधावर बसून चावता चावता जबडा दुखतो. घरी दोन्ही वेळा ताजं गरम करून देणारं कोणी असेल तरच हा आटा चालतो. आणि हिशेब: 500 रुपये किलोने 30 ग्रॅमची एक पोळी 15 रुपयांना पडते. दिवसाला चार धरल्या तर एका माणसाचे महिन्याला 1800 रुपये. एवढ्यात घरात रोजची अंडी येतात, जी या पिठाहून सरस आहेत: एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिनं, कार्ब्ज एक ग्रॅमहून कमी.

गावात आणखी एक अडचण येते, ती साठवणीची. जवस आणि बदामाच्या पिठात तेल असतं. दुकानात हा माल धिम्या गतीने खपतो, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात तापून खवट होतो. उत्पादनाची तारीख चार महिन्यांहून जुनी असेल तर उन्हाळ्यात घेऊ नका. पाकीट फोडल्यावर रंगकामाच्या तेलासारखा वास आला तर जवस बिघडलंय हे नक्की; ते पीठ परत करा, गुरांनाही घालू नका.

इथपर्यंत वाचून पाकीट नको असं ठरवलं असेल तर चक्कीवरचं पीठ. मिश्रण एक किलोचं: हरभरा डाळ 400 ग्रॅम, शिजवून वाळवलेलं सोयाबीन 250, ज्वारी 200, जवस 150. याचे कार्ब्ज 100 ग्रॅमला 37 च्या आसपास आणि प्रथिनं 22 पडतात. गव्हाच्या साठ टक्क्यांहून कमी कार्ब्ज, दुप्पट प्रथिनं. 40 ग्रॅमची एक भाकर म्हणजे 15 ग्रॅम कार्ब्ज. हे कीटो नव्हे, तसा दावाही करू नये. पण दिवसभराचे कार्ब्ज 100-130 ग्रॅमच्या आत ठेवायचे असतील तर हे पुरेसं आहे, आणि वर्षभर निभावतं. खर्च दळणासकट किलोला 80-90 रुपये.

यात सगळ्यांत जास्त चुका सोयाबीनमध्ये होतात. विदर्भात सोयाबीन पोत्यांनी पिकतं, पण खाण्यात येतं ते बहुधा तेल आणि वडी म्हणूनच. कच्चं दळून घातलं तर पोट बिघडणारच, कारण कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. तो उष्णतेनेच मरतो, आणि नुसतं वरवर भाजून पुरेसा मरत नाही. म्हणून सोयाबीन रात्रभर भिजवा, चोळून फोलपटं काढा, पाणी बदला. मोठ्या भांड्यात दाण्याच्या तिप्पट पाणी आधी उकळून घ्या, उकळीतच दाणे सोडा आणि 25 ते 30 मिनिटं उकळू द्या. फेस येतो, झाकण अर्धवट ठेवा. मग निथळून कापडावर पातळ पसरून दोन-तीन दिवसांचं कडक ऊन द्या. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर आत ओल आहे, आणि अशा ओलीने चक्कीत पीठ चिकटतं व आठवड्यात बुरशीचा वास येतो. वजन वाळल्यानंतर करा. आणि पेरणीतून उरलेलं पिशवीतलं बियाणं चुकूनही वापरू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, धुऊन ते जात नाही. खाण्यासाठी घरच्या मळणीचा, प्रक्रिया न केलेला माल हवा.

हरभऱ्याची डाळच विकत घ्या आणि डोळ्यांसमोर दळून घ्या. तयार बेसन नको. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत, लाखोळी (खेसरी डाळ) पिकते आणि स्वस्त बेसनात तिची भेसळ ही जुनी तक्रार आहे. कधीमधी वरणात आलेल्या लाखोळीने कोणाचं काही बिघडत नाही. पण ती महिनोन्‌महिने जेवणाचा मोठा हिस्सा झाली तर पायांतली ताकद जाण्याचा विकार होऊ शकतो. लो-कार्बवाला माणूस रोज दोन वेळा डाळीचं पीठ खाणार आहे, त्याने ही काळजी घ्यायलाच हवी. लाखोळीचा दाणा पाचरीसारखा कोनदार असतो, हरभऱ्याच्या डाळीची पाठ गोल असते. मूठभर डाळ ताटात पसरली की फरक कळतो.

जवस चक्कीवर नेऊ नका. तेलकट दाणा दगडाला लेप धरतो, चक्कीवाला वैतागतो आणि त्याचंही खरं आहे. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पूर्ण गार करा आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. एका आठवड्यापुरतंच करा आणि बंद डब्यात ठेवा. बाकी तीन धान्यं एकत्र करूनच दळायला द्या, म्हणजे सोयाबीनचं तेल डाळ-ज्वारी शोषून घेतात. चक्कीत आधीचा गहू अडकलेला असतो. नंबर बेसनाच्या मागे लावता आला तर उत्तम. नाही तर सुरुवातीला मूठ-दोन मूठ आपली ज्वारी घालून निघेल ते पीठ वेगळं काढा. पीठ बारीक हवं. भरड राहिलं तर भाकर थापताना भेगाळते.

भाकर करताना पाणी गरमच घ्या. जवस ओला झाला की चिकट होतो, याच चिकटपणावर भाकर जमते, कारण मिश्रणात गहू नाही. मिश्रणाला ओवा, मीठ, चिमूटभर हळद लावून, कोपरात (परातीत) तळहाताने चांगलं मळून 10 मिनिटं झाका. मग ओल्या कापडावर थापा किंवा प्लास्टिकवर. मध्यम आचेवर एक बाजू दीड-दोन मिनिटं. हरभऱ्याचा कच्चा वास गेला की पालटायची. जवस पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घातला तर भाकर चिकट होते आणि पोट सैल होतं. सोयाबीन तिसऱ्या हिश्शाच्या पुढे गेलं तर कडवट लागतं. ज्वारी पूर्ण काढली तर थापताच येत नाही. पहिला पंधरवडा हे मिश्रण आणि ज्वारीचं पीठ निम्मं-निम्मं घ्या, एकदम सुरू केलं तर गॅस होतो. ही भाकर डब्यात चार-पाच तास मऊ राहते, वरून थोडं फल्ली तेल लावलं तर संध्याकाळपर्यंत.

पण पीठ कितीही चांगलं असलं तरी ते ताटातला एकच कोपरा सांभाळतं, आणि पाकिटावर हे कोणी छापत नाही. एका साध्या दिवसाचा हिशेब लावा. सकाळी तर्री-पोहे, 75 ग्रॅम पोह्यांचे 57 ग्रॅम कार्ब्ज. दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा, 40. दुपारी दोन भाकरी, 100. रात्री 100 ग्रॅम तांदळाचा भात, 78, आणि दोन पोळ्या, 42. बेरीज 317, वरण-भाजीचे वेगळेच. यातल्या फक्त रात्रीच्या दोन पोळ्या 15 रुपयेवाल्या केल्या तर 33 ग्रॅम वाचतात. चहातली साखर सोडली तर 40 वाचतात, फुकट. पोह्यांऐवजी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं, भात बंद किंवा तीन चमचे, आणि दुपारी दोनऐवजी एकच भाकर पण भाजी दुप्पट, एवढं झालं की अर्धं काम पिठाला हात न लावता होतं. भाजी कोणती, याला आपल्याकडे तोटा नाही: अंबाडी, चिवळ, तरोटा, मेथी, वांगी, कोबी. फल्लीचा कूट, दही, ताक, मासे, कोंबडी चालतं. तेल-तर्रीला घाबरायचं कारण तेवढं नाही, पण तर्रीबरोबर पाव आणि आलूबोंडा येतो, तो नको. चून-भाकर (पिठलं-भाकर) मात्र मोजून: चुनाला माणशी 50 ग्रॅम बेसन म्हणजे 23 ग्रॅम कार्ब्ज, त्यावर भाकरीचे वेगळे.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, जिथे दोन्ही वेळा भातच आहे, तिथे कोणताही आटा विकत घेणं निरर्थक आहे. तिथे भाताची वाटी लहान करणं आणि ताटात आधी भाजी, मासे, अंडी घेऊन भात शेवटी घेणं, हाच रस्ता.

आता ज्यांनी हे पीठ किंवा हा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये ते. इन्सुलिन घेणारे, आणि ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड यांसारख्या गोळ्या घेणारे: कार्ब्ज घटले आणि डोस तोच राहिला तर शुगर खाली कोसळते, घाम फुटतो, भोवळ येते. डोस आधी कमी करून घ्यावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी कडक कीटो करूच नये, शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. बीपीची गोळी असेल तर काही आठवड्यांत बीपी उतरू शकतो, मोजत राहा. क्रिएटिनीन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर प्रथिनांनी भरलेला आटा नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना हा प्रयोग नको. इसबगोलवाली पोळी आणि थायरॉइडची गोळी यांत अंतर ठेवा.

सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण विदर्भात, विशेषतः पूर्वेकडे, हा आजार बऱ्याच घरांत आहे. कार्ब्ज कमी केले की पहिल्या आठवड्यात शरीर साठलेलं ग्लायकोजेन (यकृत-स्नायूंतला साखरेचा साठा) वापरतं, त्यासोबत पाणी आणि मीठ लघवीवाटे बाहेर जातं. पहिल्या आठवड्यातलं दीड-दोन किलो वजन बव्हंशी याच पाण्याचं असतं. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडलं तर वेदनांचा झटका येऊ शकतो. शिवाय त्याचा एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) खोटा कमी दिसू शकतो, कारण लाल पेशी लवकर मरतात. अशांनी या सरासरीवर न जाता बोटाच्या तपासणीवर विसंबावं. बाकीच्यांनीही मे महिन्यात, चंद्रपूर-ब्रह्मपुरीचं ऊन 45 च्या पुढे असताना, सुरुवात करू नये. जून-जुलैत करा. शेतात काम असेल तर दिवसातून दोनदा मीठ घातलेलं ताक घ्या, पायात गोळे येत असतील तर ते बहुधा मिठाच्याच कमतरतेचे. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल, किंवा खारपाणपट्ट्यातलं क्षाराचं पाणी पोटात जात असेल, तर वरचं मीठ डॉक्टरांना विचारूनच.

पीठ चांगलं की वाईट हे शेवटी आपलं बोट सांगतं. ग्लुकोमीटर घरात असेल तर तीन पट्ट्या एका दिवशी: जेवणाआधी, पहिल्या घासापासून एक तासाने, दोन तासांनी. पहिल्या दिवशी दोन गव्हाच्या पोळ्या आणि वांग्याची भाजी; दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढीच भाजी आणि नव्या पिठाच्या दोन. भात, गोड, चहा दोन्ही दिवशी नको. दोन तासांचा आकडा दोन्ही दिवशी सारखाच आला तर पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, पुन्हा घेऊ नका. बोट साबणाने धुऊन पुसूनच टोचा, संत्रं सोललेल्या हाताने आकडा भलताच वाढून येतो. आणि पट्ट्यांची डबी घट्ट बंद करून घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवा, माठाजवळच्या ओलीत नाही. बहुतेक कंपन्या 30 अंशांच्या आत ठेवायला सांगतात, आणि पत्र्याच्या घरात खिडकीशी पडलेली डबी मे महिन्यात खराब होऊन चुकीचे आकडे देते.